न्यायमूर्ती रानडे आणि गहाण पडलेली जमीन

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यतिथी १६ जानेवारीला असते आणि जयंती १८ जानेवारीला. जानेवारीत जुन्या पिढीतल्या कुणा एकाचे चरित्र या पानावर द्यायचे, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता. यंदा रानड्यांचे नाव निघाले ते मात्र घरकर्जाच्या गप्पांतून.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांनी अशोकनगर, दोमलगुडा, विद्यानगर भागात फ्लॅट घेतले. चिक्कडपल्लीच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत जाऊन अंगठा आणि फोटो देऊन झाला, मूळ कागद बँकेच्या तिजोरीत गेले आणि वीस वर्षांचा हप्ता मागे लागला. कोजागरीला दूध आटत असताना कुणीतरी सहज विचारले, की ज्या कागदाची चाळीस पाने आपण न वाचताच सह्या करून देतो, त्यातले व्याज किती असावे आणि हप्ता थकला तर घरावर कधी हात टाकावा, यात सरकार पडते तरी कशाला? देणारा आणि घेणारा दोघे शहाणे आहेत, सही झाली आहे, मग तिसऱ्याचे काय काम? आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी एवढेच सांगितले, की हा प्रश्न आपल्याकडे एका माणसाने वीस वर्षे डोक्यात घेऊन हिंडवला, त्याचे चरित्र काढा. ते आम्ही काढले.

आणखी एक कारण आहे. आपल्यातली निम्मी घरे परभणी, नांदेड, बीड, लातूरकडून आलेली. अमुक गावी आपली इतकी जमीन होती आणि ती सावकाराकडे गेली, ही गोष्ट ज्या घरात सांगितली गेली नाही असे घर विरळा. पेटीच्या तळाशी मोडीत किंवा उर्दूत लिहिलेले एखादे खत अजून निघते. वाचता कुणालाच येत नाही, टाकवत मात्र नाही.

माधवरावांचा जन्म १८४२ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते, पुढे कोल्हापूर संस्थानात गेले, त्यामुळे बालपण कोल्हापुरात सरले. पुढचे शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली बी. ए.ची जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत ते होते. मग एम. ए., मग १८६६ मध्ये एलएल. बी. वाचनाने डोळे अधू झाले ते कायमचे. थोडे दिवस अक्कलकोटला कारभारी, थोडे कोल्हापुरात न्यायाधीश, काही काळ एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक, आणि १८७१ मध्ये ते पुण्याला दुय्यम न्यायाधीश म्हणून आले.

पुण्यातले रानडे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. प्रार्थना समाज, विधवाविवाहाचा पुरस्कार, आणि पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी केलेले लग्न. त्यावरून त्यांना त्या वेळी बोल लागला आणि आजही लागतो, तो लागायलाच हवा. त्याच मुलीला त्यांनी शिकवले आणि तिच्या रमाबाई रानडे झाल्या. पण या लेखात आम्हाला त्यांच्या कचेरीतल्या टेबलापाशी थांबायचे आहे. त्या टेबलावर रोज येत ते कर्जरोख्यांचे दावे.

त्या काळच्या रोख्याचा हिशेब एकदा आपणच करून पाहू. शेतकऱ्याने शंभर रुपये उचलले, व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांत बहात्तर रुपये व्याज झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांनी कोर्टात निकामी होई, म्हणून मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. तो शंभराचा नसे, एकशे बहात्तरचा असे. आणखी तीन वर्षांनी दोनशे पंचाण्णवचा, आणि नवव्या वर्षाअखेर पाचशे आठ रुपयांचा. मधे शेतकऱ्याने जे धान्य घातले, बैल दिला, त्याची पावती नाही. कर्जदाराच्या संरक्षणासाठी केलेली तीन वर्षांची मुदत अशी त्याच्याच गळ्याला लागली. कोर्टात सावकार उभा राही तो पाचशेचा रोखा घेऊन. खाली अंगठा असे. मूळचे शंभर कुठे गेले हे विचारायची न्यायाधीशाला सोय नव्हती, कारण कायदा कागद पाहत होता. कूळ बहुतेक वेळा हजरच नसे. एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन लिलावात जाई. घेणारा अर्थात तोच सावकार.

त्यात १८६० नंतरच्या दशकाने भर घातली. अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी मागेल त्याला कर्ज दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास जमिनीच्या नव्या मोजणीत सरकारने सारा वाढवला. एकीकडे सारा रोखीत आणि वेळेवर, दुसरीकडे सावकाराने हात आखडलेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि पाठोपाठ पुणे-नगरच्या किती तरी गावांत तेच झाले. माणसे मारायला कुणी आले नव्हते. त्यांना हवे होते कागद. रोखे बाहेर काढून चव्हाट्यावर जाळले, जिथे मिळाले तिथे शेतकरी परत गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला. तो अहवाल लिहीपर्यंत १८७६-७७ चा दुष्काळ येऊन ठेपला.

रानडे तेव्हा पुणे सार्वजनिक सभेचे डोके होते, असे म्हटले तरी चालेल. सभा १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी स्थापली. दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे धाडली, आणि १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले तेव्हा त्यातले बरेच लेखन रानड्यांचे असे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. सावकार लोभी आहे हे खरे, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलून सरकारने नामानिराळे होऊ नये. साऱ्याची रक्कम दर तीस वर्षांनी वाढणार या धास्तीत शेतकरी जमिनीत पैसा घालत नाही, आणि पीक बुडाले तरी सारा थांबत नाही म्हणून तो सावकाराच्या ओट्यावर जातो. आणि सावकाराला उद्या गावातून घालवले तर पेरणीला बियाण्याचे पैसे देणार कोण, याचे उत्तर कुणापाशी नव्हते.

सरकारी नोकराने असे लिहिणे तेव्हाच्या साहेबाला आवडणारे नव्हते. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. (हेच फडके पुढे आपल्या निजामी मुलखात शिरून श्रीशैलापर्यंत गेले होते.) मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले आणि संशयाची सुई शिकलेल्या पुणेकरांकडे वळली. रानड्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवले गेले आणि तिथे त्यांची टपाले फोडून वाचली जात. ज्यांच्यावर राजद्रोहाचा संशय, त्यांच्याच हाती दोन वर्षांत सरकारने आपला सर्वात नाजूक कायदा दिला. आम्हाला या चरित्रातला हा भाग सर्वात नवलाचा वाटतो.

तो कायदा म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात होते तरी काय? न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता पहिल्या उचलीपासून व्यवहार उलगडायचा. मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, व्याजाचे मुद्दल होऊ द्यायचे नाही, आणि शिल्लक व्याज शिल्लक मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही. हा शेवटचा नियम आपल्या जुन्या दामदुपटीचाच. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचे नाही. हप्ते बांधून द्यायचे. गावोगावी रजिस्ट्रार नेमायचा आणि खत त्याच्यासमोरच लिहायचे. सावकाराने पावती द्यायची, मागितल्यास खातेवही द्यायची. कर्जदाराने स्वतः उठून कोर्टात जायचे आणि माझा हिशेब करून द्या असे म्हणायचे, हीही सोय त्यात होती. रोख्याची मुदतही लांबवली, म्हणजे तीन-तीन वर्षांनी नवे खत लिहून घेण्याचे निमित्त सरले. आज बँक वर्षाअखेरीस आपल्या कर्जाचा उतारा पाठवते आणि आपण तो न उघडता पुसून टाकतो. तसा उतारा मिळावा म्हणून एके काळी कायदा करावा लागला होता.

१८८१ मध्ये रानडे या कायद्याच्या कामावर आले. विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांच्या हाताखाली ते सहायक होते. मधे ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टावर गेले, १८८५ मध्ये मुंबई कायदेमंडळात बसले, आणि १८८७ मध्ये पोलन यांच्या जागी स्वतः विशेष न्यायाधीश झाले. ते काम १८९३ पर्यंत चालले.

हे पद खुर्चीवर बसून सांभाळण्याचे नव्हते. या कायद्याखालच्या पुष्कळ दाव्यांत अपीलच नव्हते, त्यामुळे खालच्या न्यायाधीशांचे निकाल कुणीतरी जागेवर जाऊन तपासणे भाग होते. चार जिल्ह्यांतल्या तालुक्या-तालुक्याची कोर्टे, गावचे मुन्सफ, समेट करून देणारे पंच, ग्रामरजिस्ट्रार, सगळ्यांची दप्तरे पाहत वर्षातला बराच काळ फिरतीत जाई. रमाबाई बरोबर असत. पुढे त्यांनी आठवणींचे जे पुस्तक लिहिले त्यात या फिरतीची वर्णने आहेत. मंडळाच्या कपाटात ते आहे, ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर न्यावे.

फिरताना कायद्याची दुसरी बाजूही दिसत होती. नियम असा होता, की शेतकऱ्याची जमीन साध्या कर्जासाठी जप्त करून विकायची नाही, मात्र ती जमीन त्या कर्जाला खास गहाण टाकलेली असेल तर विकता येईल. हेतू चांगला होता. सावकारांनी त्याचा सरळ अर्थ काढला, की यापुढे नुसत्या रोख्यावर पैसा द्यायचा नाही, जमीन लिहून दिली तरच द्यायचा. ज्याच्यापुढे कोर्ट व्याज उकरून काढील असे गहाणखतही नको, म्हणून थेट खरेदीखत करून घ्यायचे. पैसे फिटले की जमीन परत देईन हे तोंडी. कागदोपत्री विक्री, मनात गहाण. ही पळवाट बुजवायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. विक्री दिसते तिच्यामागे गहाण आहे काय हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला तो १९०७ मध्ये, तेव्हा रानडे हयात नव्हते.

इथे जोतीराव फुल्यांचे नाव आलेच पाहिजे. १८८५ मध्ये रानड्यांनी पुण्यातल्या एका भाषणात गेल्या तीस वर्षांत शेतकऱ्याची स्थिती सुधारली आहे असा सूर लावला, आणि जोतीरावांनी त्याला उत्तर म्हणून इशारा ही पुस्तिका लिहिली. या वादात आम्हाला जोतीरावांचे पारडे जड वाटते. रानड्यांनी आकडे पाहिले, तेही मन लावून पाहिले. पण कोर्टाच्या पायरीवर कुळंब्याला कारकून, वकील आणि साक्षीदार यांच्या कोणकोणत्या हातांतून जावे लागते, हे जोतीरावांना जास्त ठाऊक होते. हिशेब उलगडून मागण्याचा हक्क कायद्याने दिला तरी तो मागायला तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मात्र एक गोष्ट रानड्यांच्या पदरात टाकायला हवी. त्यांना स्वतःला हा कायदा पुरेसा वाटत नव्हता, आणि ते त्यांनी पदावर असतानाच मांडले.

त्यांचा मुद्दा आजच्या घरकर्जवाल्यांनाही कळेल असा आहे. कायदा वाईट सावकाराचा हात धरू शकतो, पण चांगला सावकार जन्माला घालू शकत नाही. जमीन ही चांगली पत आहे. तिच्यावर थोड्या व्याजाने, लांब मुदतीने पैसा मिळायला हवा, आणि तो देणारी संस्था हवी. विल्यम वेडरबर्न यांनी, जे पुण्यात जिल्हा न्यायाधीश होते आणि रानड्यांचे स्नेही, शेतकी बँकेची योजना पुढे केली होती. पुरंदर तालुक्यात ती करून पाहायची होती. सरकारने जुनी कर्जे मिटवायला हातभार लावायचा आणि पुढे बँकेने कर्ज द्यायचे. मुंबई सरकार अनुकूल होते, हिंदुस्थान सरकारनेही १८८४ मध्ये मान्यता दिली, आणि लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती मोडीत काढली. एका तालुक्याचा प्रयोग! त्यावर काही लाख गेले असते फार तर. पुरंदरच्या शेतकऱ्याला सासवडमध्ये बँक मिळाली असती काय आणि ती टिकली असती काय, हे कळायची संधीच गेली.

रानड्यांनी विषय सोडला नाही. १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढे त्यांनी जमिनीच्या पतीच्या पुनर्रचनेवर एक निबंध वाचला. सप्तवार्षिक युद्धाने कर्जबाजारी झालेल्या सायलेशियातल्या जमीनदारांनी फ्रेडरिक राजाच्या काळात संघ काढून एकमेकांच्या जमिनींच्या सामाईक तारणावर रोखे कसे काढले, प्रशियात सरकारी बँकांच्या आधाराने कुळांनी जमीनदारांचे हक्क हप्त्याहप्त्याने कसे फेडले, फ्रान्समध्ये १८५२ पासून जमीन-तारणाची मोठी पेढी कशी चालली, हे सगळे त्यांनी मांडले. आपल्याकडे काय करावे? तर जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या सावकार-पेढीवाल्यांनाच एकत्र आणावे, त्यांचा विखुरलेला पैसा एका संस्थेत घालावा, सरकारने देखरेख करावी आणि वसुलीला पाठबळ द्यावे. सावकाराला शत्रू न मानता त्याला बँकवाला करून टाकायचे, असा हा बेत. भाबडा म्हणा हवे तर. पण आज आपण ज्यांच्याकडून कर्ज घेतो त्या संस्थांचा मूळ सांगाडा याहून फार निराळा नाही. अनेकांच्या ठेवी, घराचे तारण, लांब मुदत आणि वर सरकारची नजर.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. सुपे, इंदापूर, शिरूरच्या धुळीतून ते मुंबईच्या इमारतीत आले. शेवटची वर्षे इतिहासलेखनात आणि सामाजिक परिषदेच्या कामात गेली. प्रकृती ढासळत होती. १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत ते वारले, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

त्याच वर्षी मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीत सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्याला द्यायची, पण विकता किंवा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर. सावकारापासून जमीन वाचेल, हे सरकारचे म्हणणे. जमिनीची पतच नाहीशी झाली तर पेरणीला उसने कोण देणार, हे विरोधकांचे. कायदेमंडळात ही बाजू लढवणाऱ्यांत रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले होते. बिल मंजूर होणार हे दिसताच फिरोजशहा मेहता आणि गोखले आदी सभासद सभागृह सोडून निघून गेले. गुरूला जाऊन सात महिने झाले होते.

सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ मध्ये आला. चार जिल्ह्यांचा कर्जनिवारण कायदा १९०५ मध्ये सगळ्या मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास नव्या कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेईपर्यंत चालला. सीमेच्या अलीकडे, म्हणजे आपल्या आजोबांच्या मराठवाड्यात, तो कधीच लागू नव्हता. सोलापूरच्या हद्दीतला शेतकरी कोर्टात जाऊन मूळच्या शंभराचा हिशेब मागू शकत होता. त्याच्या शेजारच्या निजामी गावातल्या त्याच्या व्याह्याला इंग्रजी मुलखातला हा आधार नव्हता. हैदराबाद संस्थानात सावकारीवरचा कायदा झाला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास. साठ वर्षे उशिरा.

व्याजाने पैसे देणाऱ्या सावकारांना या शहरात परवाना घ्यावा लागतो तो याच कायद्याखाली. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेले, आंध्र प्रदेश झाला, तेलंगण झाले. कायद्याच्या नावात मात्र १३४९ फसली अजून तसेच आहे. पेटीच्या तळाशी ज्यांच्याकडे जुनी खते आहेत त्यांनी ती मंडळात घेऊन यावीत. मोडी वाचणारे एक गृहस्थ आपल्यात आहेत, उर्दू वाचणारेही सापडतील. मूळचे मुद्दल किती होते, एवढे तरी कळेल.